जुने इंग्लिश हस्तलिखित दस्त: जमवावेत कसे, वाचावेत कसे

सोनटक्का

नमस्कार मंडळी. नाणी, टपाल तिकिटे, जुनी पोस्टकार्डे यांवर इथे भरपूर लिहिले गेलेय, पण जुन्या इंग्लिश दस्तांवर एकही धागा दिसला नाही, म्हणून हा काढतेय. मी लीड्सजवळ राहते. मेंढीच्या कातड्यावर हाताने लिहिलेली खरेदीखते, गहाणखते, भाडेपट्टे, लग्न ठरताना होणारे मालमत्तेचे करार असे दस्त मी जमवते.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात: घरादाराचे मूळ दस्त बाजारात येतातच कसे? इंग्लंडमध्ये घर किंवा शेत विकले की त्याच्यासोबत आधीच्या सगळ्या दस्तांचा गठ्ठा नव्या मालकाकडे जायचा. मालकीचा पुरावा तोच. शे-दोनशे वर्षांत गठ्ठा हातभर जाड व्हायचा. १९२५ च्या कायद्याने मालकीचा माग ३० वर्षे मागे दाखवला की पुरे ठरले, १९६९ साली ती मुदत १५ वर्षांवर आली, आणि १ डिसेंबर १९९० पासून सबंध इंग्लंड-वेल्समध्ये विक्री झाली की सरकारी नोंदणी सक्तीची झाली. मालकी सरकारदरबारी नोंदली गेल्यावर जुना गठ्ठा कायद्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरला. वकिलांची तळघरे रिकामी होऊ लागली. चर्मपत्रांच्या दिव्याच्या शेड झाल्या, काही तर ढोलांवर चढली. १९३२ साली ब्रिटिश रेकॉर्ड्स असोसिएशन स्थापन झाली, तिने पुष्कळ गठ्ठे वाचवून त्या त्या काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) अभिलेखागारात पोचवले. जे तिथवर गेले नाहीत ते लिलावांत, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि ऑनलाइन विक्रीत फिरत राहिले.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. दस्त वाचण्यासाठी घ्यावा. लाखेची लाल मोहर आणि वळणदार अक्षर बघून भिंतीवर टांगायला घेतलेला दस्त म्हणजे न उघडलेले पत्र. त्यात एका ठिकाणच्या माणसांची जी माहिती असते ती दुसरीकडे कुठेही नसते.

माझ्याकडची एक जोडी बघा. १७६४ सालच्या मे महिन्यातली, वेस्ट रायडिंगमधली, म्हणजे यॉर्कशायरच्या पश्चिम भागातली. दोन चर्मपत्रे, एकाची तारीख दुसऱ्याच्या आदल्या दिवसाची. पहिल्यात एक विधवा आणि तिचा मुलगा आपले घर, गोठा आणि शेताचे तुकडे एका कापडवाल्याला पाच शिलिंगांना वर्षभराच्या भाड्याने देतात, आणि भाडे काय, तर मागितल्यास मिरीचा एक दाणा. दुसऱ्या दिवशीच्या दस्तात तीच मिळकत त्याच माणसाला पक्की लिहून देतात, तीही चांगल्या घसघशीत रकमेला. आजचा भाडेकरू उद्या मालक, असे का?

१५३६ च्या कायद्यानुसार जमिनीच्या थेट खरेदीचा दस्त सहा महिन्यांत सरकारी दप्तरी नोंदवावा लागे, म्हणजे व्यवहार चव्हाट्यावर येई. वर्षभराच्या भाडेपट्ट्याला मात्र नोंदणी नको होती. म्हणून वकिलांनी तोड काढली. आधी भाडेपट्टा करून ताबा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी मालकाने आपला उरलेला हक्क सोडून द्यायचा. खरेदी पूर्ण, नोंदणी नाही. ही पद्धत १८४१ पर्यंत सर्रास चालली. त्यामुळे पाच शिलिंगांचा नि मिरीच्या दाण्याचा दस्त एकटाच हाती आला, तर ओळखावे की जोडीतला दुसरा, म्हणजे खरी किंमत लिहिलेला, कोणीतरी वेगळा काढून विकला आहे.

माझ्या जोडीतली मला सगळ्यांत आवडणारी जागा मिळकतीच्या वर्णनात आहे. घर, गोठा, परसू, आणि शेताचे ते तुकडे. त्यातल्या एकाचे नाव टेंटरक्रॉफ्ट. विणून धुतलेले लोकरी कापड लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवत, ती ही जागा. घेणारा कापडवाला, त्याला गोठ्यापेक्षा या तुकड्याची गरज जास्त असणार. पुढे मिळकत सध्या कोणाच्या वहिवाटीला आहे, आधी कोणाच्या होती, त्यांची नावे. ही कुळे. जमीन त्यांची नव्हती, सही त्यांची नाही, पण नाव राहिले.

आणि शेवटी सह्या. मुलाची सही सफाईदार आहे. आईला लिहिता येत नव्हते. अशा वेळी लोक फुली मारत, पण या बाईने आपल्या नावाचे पहिले अक्षर काढले आहे, मोठे, थरथरते, एका बाजूला कललेले. त्याच्या दोन्ही अंगांना कारकुनाने नीटस अक्षरात तिचे नाव आणि ‘हिची निशाणी’ असे लिहिले आहे.

वाचण्याबद्दल, विकत घेण्याबद्दल जे विचाराल ते सांगेन.

मोडीवाचक

वा, मस्त विषय! वाचनखूण साठवली.

निशाणीचे वाचून आमच्याकडचे महजर (जुने निवाड्यांचे कागद) आठवले. त्यात पाटील-कुणबी सहीच्या जागी नांगर काढतात, ‘निशाणी नांगर’. बायकांच्या निशाण्याही सापडतात. आणि तुम्ही ज्याला गठ्ठा म्हणता तो पेशवे दफ्तरात रुमाल. रुमालातला कागद सुटा झाला की त्याचा अर्धा अर्थ जातो, हे आम्ही रोज बघतो.

एक विचारायचे होते. तारखा कशा लावता? मोडीत सुहूर सन, फसली, शक सगळे एकात एक असते, जंत्री घेऊनच बसावे लागते. तिथे तर सरळ इसवी सन असेल ना?

सोनटक्का

मोडीवाचक, सरळ अजिबात नसते! दोन भानगडी आहेत.

एक, राज्यारोहणाची वर्षे. ‘तिसऱ्या जॉर्जच्या कारकिर्दीचे चौथे वर्ष’ असे लिहितात. तिसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० ला गादीवर आला, म्हणजे चौथे वर्ष ऑक्टोबर १७६३ पासून ऑक्टोबर १७६४ पर्यंत. मे महिना असेल तर १७६४. दुसऱ्या चार्ल्सचे तर अजून निराळे. तो प्रत्यक्ष गादीवर बसला १६६० साली, पण वर्षे मोजली बापाचा शिरच्छेद झाला त्या ३० जानेवारी १६४९ पासून. त्यामुळे त्याचे राज्य कागदोपत्री बाराव्या वर्षापासूनच सुरू झालेले दिसते.

दुसरी भानगड नववर्षाची. १७५२ च्या आधी इंग्लंडमध्ये कायद्याचे वर्ष २५ मार्चला बदलायचे. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस मागच्याच वर्षात. याचे सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे शेक्सपिअरने लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागात घेतलेल्या घराचे खरेदीखत. त्यावर तारीख आहे १० मार्च १६१२, पण आपल्या हिशेबाने ते १६१३. सोबत पहिल्या जेम्सच्या कारकिर्दीचे दहावे वर्ष लिहिले आहे, त्यावरून खात्री होते.

त्या व्यवहाराचाही तपशील मजेदार आहे. किंमत १४० पौंड. त्यातले ६० पौंड राहिले, म्हणून दुसऱ्याच दिवशी तेच घर विकणाऱ्याकडे गहाण. गहाणखताची प्रत ब्रिटिश लायब्ररीत आहे. शेक्सपिअरची सही मोहर लोंबते त्या चर्मपट्टीवर आहे, बोटभर रुंदीच्या जागेत कोंबलेली. त्या काळी पट्टीवर सही करणे अगदी रोजचे होते. तेव्हा दस्त हाती आला की पट्ट्या आधी बघाव्यात. लोक मुख्य पानावर सही शोधत बसतात आणि ती असते खाली लोंबत.

नीलमोहर

सोनटक्का ताई, मी बर्मिंगहॅमला शिकतेय. इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात असे दस्त बघितलेत, पण अक्षर बघूनच घाबरायला होते. ओळीच्या ओळी, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. सुरुवात कुठून करायची? आणि किमतीत फसवणूक होते का?

सोनटक्का

नीलमोहर, घाबरू नकोस गं. सुरुवात एकोणिसाव्या शतकापासून कर आणि एकेक पाऊल मागे जा. व्हिक्टोरियन काळातली अक्षरे इंग्लिश वाचणाऱ्या कोणालाही तासाभरात लागतात. सतरावे शतक आणि त्याआधीच्या वळणाला सराव हवा. त्यात ‘ई’ उलटी फिरलेली, ‘एच’ ओळीखाली लांब शेपटी सोडणारा, ‘सी’ हुबेहूब ‘आर’सारखी. ‘पी’च्या दांडीला आडवी रेघ असली की तिथे दोन-तीन अक्षरे गाळली आहेत असे समजायचे. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर जुने हस्ताक्षर वाचायचे मोफत धडे आहेत, तिथूनच मी शिकले.

विरामचिन्हे नसतात ती मुद्दाम. पण लिहिणाऱ्याने खुणा सोडलेल्या असतात. काही शब्द ठळक आणि मोठे काढलेले दिसतील. पहिला मोठा शब्द म्हणजे दस्ताची सुरुवात आणि तारीख. मग पक्षकार, त्यांचे गाव आणि धंदा. मग एकामागून एक ‘ज्याअर्थी’, म्हणजे आधीच्या व्यवहारांची हकिकत. ही वगळू नकोस. हरवलेल्या जुन्या दस्तांचा गोषवारा इथेच मिळतो. मग मोबदला, मग मिळकतीचे वर्णन आणि चतुःसीमा, मग ती कोणत्या हक्काने, किती काळ धारण करायची ते, आणि मग अर्धे चर्मपत्र खाणाऱ्या हमीच्या अटी. या अटी सगळीकडे जवळपास सारख्याच. इतक्या लांबलचक का, तर नक्कल करणाऱ्याला पैसे शब्दांवर मिळत, ७२ शब्दांचा एक फोलिओ असा हिशेब. चार दस्त वाचलेस की अटींवरून नजर फिरवायची आणि नावे, रकमा, शेतांची वर्णने यांपाशी थांबायचे, हे आपोआप जमते.

लॅटिनची भीती मनातून काढ. खाजगी दस्त सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर बहुतेक इंग्लिशमध्येच असतात. न्यायालयातून निघालेले कागद मात्र २५ मार्च १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये असत, तेही न्यायालयाच्या खास किचकट वळणात. मध्ये १६५० च्या दशकात, राजा नव्हता तेवढा काळ काय ते इंग्लिश. नवख्याने ते सध्या बाजूला ठेवावेत.

किमतीबद्दल. साधा व्हिक्टोरियन दस्त एखाद्या चांगल्या पुस्तकाच्या किमतीत मिळतो. साध्या दस्तांची नक्कल कोणी करत नाही, त्यात कमाई नाही. भुरळ पडते ती दिसण्याची. छापील नक्षीदार मथळा, मोठी मोहर, राजाचे चित्र असले की किंमत वाढते आणि मजकूर तितकाच बेताचा असू शकतो. मी घेताना दोनच गोष्टी बघते. मिळकतीचे वर्णन किती तपशीलवार आहे, आणि मागची बाजू.

मागची बाजू विक्रेते दाखवतच नाहीत, मागून घ्यावी लागते. तिथे पैसे पोचल्याची पावती असते, साक्षीदार असतात, आणि यॉर्कशायर किंवा मिडलसेक्सचा दस्त असेल तर नोंदणीचा शेरा असतो (ही तिथली स्थानिक नोंदणी, १५३६ च्या कायद्यातल्या नोंदणीहून वेगळी). वेस्ट रायडिंगची नोंदणी कचेरी १७०४ मध्ये वेकफील्डला सुरू झाली, ईस्ट रायडिंग आणि मिडलसेक्सच्या कचेऱ्या त्यानंतरच्या काही वर्षांत, नॉर्थ रायडिंगची १७३६ मध्ये. शेऱ्यात तारीख, वेळ, वहीचा क्रमांक, पान सगळे असते. त्या वह्या आजही अभिलेखागारात आहेत. म्हणजे गठ्ठ्यातून सुटलेल्या दस्ताच्या मागचे-पुढचे व्यवहार वहीवरून शोधता येतात. माझ्या जोडीवर हा शेरा आहे, त्यावरून त्याच घराचा पुढचा व्यवहार मला सापडला.

गिरगावकर

उत्तम धागा. आयुष्यभर मुंबईत मालमत्तेचीच वकिली केली, त्यामुळे हे सगळे माझ्या ओळखीचे.

इथल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण मुंबई शहरातली जुनी खरेदीखते याच इंग्लिश साच्यातली आहेत. तेच ठळक पहिले शब्द, तेच ‘ज्याअर्थी’, शेवटी तशीच मिळकतीची परिशिष्टे. आमच्या पिढीने ते मसुदे पाठ केले. आणि नाते त्याहून जुने आहे. दुसऱ्या चार्ल्सने २७ मार्च १६६८ च्या सनदेने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिले, वर्षाला १० पौंड रक्कम सोन्यात, अशा भाड्याने. त्या सनदेत मुंबई धारण करायची ती ‘ईस्ट ग्रीनिच मॅनॉर’च्या वहिवाटीप्रमाणे असे लिहिले आहे. लंडनजवळच्या एका जहागिरीच्या हिशेबात गिरगाव, माझगाव, परळ बसवले! तेव्हा तिथल्या शेतकऱ्याचा दस्त आणि आमच्या चाळीचा दस्त एकाच कायद्याच्या पोटचे.

आता माझी अडचण. आजोबांनी १९२० च्या सुमारास घेतलेल्या इमारतीचे मूळ खरेदीखत घरी आहे, जाड कागदावर, टंकलिखित आणि मधली दुरुस्ती हाताने. घड्यांवर फाटायला लागलेय. मुलगा म्हणतो लॅमिनेट करून टाकू. करावे का?

सोनटक्का

काका, लॅमिनेट अजिबात करू नका, कृपया! उष्णतेने चिकटलेला थर पुन्हा निघत नाही, आणि आतला कागद कायमचा अडकतो. सेलोटेपही नको. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. दस्त उघडून सपाट ठेवा, आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये, आणि वरून पॉलिएस्टरचे पारदर्शक पाकीट चालेल, पीव्हीसीचे नको. घडी उघडताना जोर करू नका. फाटलेल्या घड्यांचे काम कागद-संवर्धन शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. काम व्हायच्या आधी दोन्ही बाजूंचे नीट फोटो काढून ठेवा, म्हणजे रोज मूळ हाताळावे लागणार नाही.

आणि ईस्ट ग्रीनिचबद्दल लिहिलेत ते फार आवडले. हे मला माहीत नव्हते.

कोकणकडा

मी रत्नागिरीत राहतो. भाच्याने इंग्लंडहून एक चर्मपत्र भेट म्हणून आणलेय, सुंदर आहे, फ्रेम करून हॉलमध्ये लावायचा बेत आहे. आमच्या पावसाळ्यात टिकेल ना? कडेला नागमोडी कापलेय, ते खराब झालेय की मुळातच तसे?

सोनटक्का

कोकणकडा, नागमोडी कड मुळातली आहे, ती सरळ करून घेऊ नका! पूर्वी एकाच कातड्यावर तोच मजकूर दोनदा लिहीत आणि मधोमध वेडेवाकडे कापून एकेक भाग दोन्ही पक्षांना देत. वाद झाला की दोन्ही कडा जुळवून बघायच्या. खोटा तुकडा जुळणार नाही. पुढे प्रती वेगवेगळ्या कातड्यांवर लिहू लागले तरी वरची कड नागमोडी कापायची रीत राहिली, आणि १८४५ च्या कायद्याने त्याचीही गरज उरली नाही.

आता टिकण्याबद्दल. मेंढीचेच कातडे वापरण्यामागे एक कारण होते. मेंढीच्या कातड्याच्या थरांमध्ये चरबी जास्त असते, ते सहज सुटतात. कोणी अक्षर खरवडून रक्कम बदलायला गेला की वरचा थरच निघून पांढरा डाग पडतो आणि लबाडी उघडी पडते. बाराव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजकोषाच्या कारभारावरच्या ग्रंथातही हेच कारण दिले आहे. पण यामुळेच त्याला ओल आणि उष्णता दोन्ही सोसत नाही. ओल लागली की फुगते, वाकते, बुरशी धरते. उष्णतेने आखडते, आणि एकदा आखडले की पूर्ववत होत नाही. इस्त्री करून सपाट करणारे लोक मी पाहिलेत, अक्षरशः काळजात धस्स होते.

शाई मात्र दणकट. मायफळ, हिराकस आणि बाभळीचा डिंक यांची. लिहिताना फिकट दिसते, हवेने काळी पडते आणि शेकडो वर्षांनी तपकिरी होते. उन्हात किंवा झगझगीत दिव्याखाली तीही उडते. म्हणून हॉलमध्ये फोटोची प्रत लावा आणि मूळ आत ठेवा. खोलीतली आर्द्रता साधारण ५० टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम. कोकणातल्या पावसाळ्यात हे अवघड आहे हे मला कळते. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून नको आणि पेटी जमिनीवर नको. पाऊस संपला की उघडून कसर बघायची. हातमोजे लागत नाहीत, स्वच्छ कोरडे हात पुरतात. मोज्यांनी उलट बोटांना अंदाज येत नाही आणि कड फाटते.

एक विचारते, वरच्या डाव्या कोपऱ्यात निळा कागद चिकटवलेला आहे का?

कोकणकडा

हो! आहे. निळ्या कागदावर काहीतरी उठवलेले आहे, आणि मध्ये धातूची बारीक पट्टी आरपार गेलीय. मागे छोटा पांढरा कागद.

फ्रेमचा बेत रद्द. फोटोच लावतो.

सोनटक्का

तो मुद्रांक. दस्तांवर मुद्रांक शुल्क १६९४ मध्ये सुरू झाले. चर्मपत्रावर ठसा नीट उठत नाही, म्हणून निळ्या कागदावर उठवून तो धातूच्या पट्टीने चर्मपत्राला जोडत, आणि पट्टीची टोके मागे वळवून त्यावर राजाच्या आद्याक्षरांचा पांढरा कागद चिकटवत, कोणी मुद्रांक काढून दुसरीकडे लावू नये म्हणून. पट्टी गंजलेली असेल तरी ओढू नका.

पायवाट

सगळे वाचले, ताई तुम्ही मनापासून लिहिता हे दिसतेय. पण एक टोचतेय ते बोलतो. आपल्याकडे वाड्यांतले मोडी रुमाल रद्दीत जातात, परदेशी विकले जातात, तेव्हा आपण हळहळतो. मग दुसऱ्या देशातल्या गावांचे दस्त आपण घरात जमवणे, तेही पैसे देऊन, हे त्याच बाजाराला खतपाणी घालणे नाही का? हे सगळे अभिलेखागारात असायला हवे.

रातकिडा

पायवाट यांच्याशी अर्धा सहमत. मी ब्रिस्टलला असतो, थोडी कायद्याची बाजू सांगतो.

मॅनॉरची, म्हणजे तिथल्या जुन्या जहागिरींची न्यायदप्तरे, मोजणीची कागदपत्रे यांना इंग्लंड-वेल्समध्ये कायद्याचे संरक्षण आहे. मालक ती ठेवू शकतो, पण परवानगीशिवाय देशाबाहेर नेऊ शकत नाही, आणि नीट सांभाळणे त्याला बंधनकारक आहे. तसे काही विक्रीला दिसले तर आधी राष्ट्रीय अभिलेखागाराला विचारावे. मालकी हक्काचे साधे दस्त यात येत नाहीत. कुळाला त्या दप्तरातल्या आपल्या जमिनीच्या नोंदीची जी नक्कल मिळायची ती कुळाची, ती विकली जाऊ शकते. ही कूळपद्धत १ जानेवारी १९२६ ला संपली.

शिवाय ५० वर्षांहून जुनी हस्तलिखिते ब्रिटनबाहेर न्यायची तर निर्यात परवान्याचा नियम आहे, किंमत कमी असली तरी. भारतात पाठवायचे असेल तर विक्रेत्याला आधीच विचारा. आणि गिरगावकर काका, आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्यात ७५ वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची कागदपत्रे येतात, तुमचे खरेदीखत कोणी परदेशात मागितले तर विचार करूनच.

सोनटक्का

पायवाट, प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही.

ज्याची जागा अभिलेखागारात आहे ते तिथेच गेले पाहिजे, याबद्दल मला शंका नाही. एकाच घराचा सबंध गठ्ठा विक्रीला दिसला तर मी सर्वांत आधी त्या काउंटीच्या अभिलेखागाराला कळवते. त्यांना हवा असेल तर ते बघतात. पण वास्तव असे आहे की त्यांच्याकडे लाखो दस्त आधीच आहेत, जागा आणि माणसे कमी, आणि कुठून आला याचा पत्ता नसलेला सुटा दस्त ते बहुधा घेत नाहीत. असे सुटे दस्त कोणीच घेतले नाहीत तर त्यांच्या शेड होतात, किंवा कापून त्यावर चित्रे रंगवतात. हे आजही चालते.

माझा राग गठ्ठा फोडून विकणाऱ्यांवर आहे. १६८० पासून १८९० पर्यंतची एका गिरणीची हकिकत एकत्र असते, ती चाळीस गिऱ्हाइकांना वाटून टाकायची, कारण सुटे विकून जास्त पैसे मिळतात. पैशापुढे त्यांना त्या गावाचे काही वाटत नाही. जो विक्रेता गठ्ठा फोडतो हे मला कळते त्याच्याकडून मी घेत नाही, कितीही चांगला दस्त असो. मोडीवाचकांनी रुमालाबद्दल लिहिले ते शंभर टक्के खरे आहे.

आणि घेतलेल्या प्रत्येक दस्ताची पूर्ण नक्कल उतरवून, दोन्ही बाजूंच्या फोटोंसह, मी त्या गावच्या स्थानिक इतिहास मंडळाला पाठवते. दस्त माझ्या कपाटात असला तरी मजकूर त्यांच्याकडे पोचतो. नातवंडांना यात रस नसेल तर मूळही तिकडे जावे, असे मी लिहून ठेवले आहे. जमवणाऱ्या प्रत्येकाने एवढे तरी करावे असे मला कळकळीने वाटते.

पायवाट

हे पटले. नक्कल पाठवता हे आधी लिहायला हवे होते! मोडी कागद बाळगणाऱ्यांनीही हा पायंडा पाडला तर किती बरे होईल.

मोडीवाचक

पायवाट +१. बायकांच्या नावे काय काय सापडते तिकडे, ते वाचायला आवडेल.

सोनटक्का

मोडीवाचक, त्यावर वेगळा धागाच होईल, पण थोडक्यात सांगते. १८८२ च्या कायद्याआधी विवाहितेची मालमत्ता बहुतांशी नवऱ्याच्या ताब्यात जायची. म्हणून ज्यांच्याकडे पैसा होता ते वडील लग्नाआधीच करार करून मालमत्ता विश्वस्तांच्या हाती देत, म्हणजे जावयाला हात लावता येत नसे. त्यात मुलीला वर्षाचा हातखर्च किती, विधवा झाली तर उत्पन्न किती, मुली झाल्या तर त्यांच्या वाट्याला काय, सगळे आकड्यांत. बापाची काळजी कायद्याच्या भाषेत वाचायला मिळते. आणि विवाहितेची जमीन न्यायालयामार्फत विकायची तर न्यायाधीश किंवा नेमलेली माणसे नवऱ्याला बाहेर ठेवून तिला एकटीला विचारत, तुझी राजीखुशी आहे ना? ती खरे किती बोलत असेल देव जाणे. पण विचारले जायचे, आणि विचारल्याची नोंद व्हायची.

नीलमोहर

ताई, घेतला एकदाचा! शनिवारच्या बाजारात मिळाला. १७९० च्या आसपासचा असावा, वॉरिकशायरचा. ठळक शब्दांच्या युक्तीने पक्षकार, गाव, मिळकत सगळे लागले, खूप आनंद झाला. पण एक कळत नाही. घर आणि दोन शेते भाड्याने दिलीत ती चक्क १००० वर्षांसाठी! भाडे पुन्हा तोच मिरीचा दाणा. आणि मोबदला मात्र २०० पौंड. विक्रेता म्हणाला, फार दुर्मीळ, हजार वर्षांचा भाडेपट्टा. खरेच दुर्मीळ आहे का हे?

सोनटक्का

अभिनंदन नीलमोहर! दुर्मीळ नाही, पण तू छान दस्त घेतलास. हा भाडेपट्टा दिसतो, असतो मात्र गहाणखत. कर्ज देणाऱ्याला मिळकत ५०० किंवा १००० वर्षांसाठी ‘भाड्याने’ द्यायची, २०० पौंड हे कर्ज. आता दस्ताच्या शेवटच्या तिसऱ्या भागात ठळक अक्षरात ‘परंतु नेहमी असे की’ या अर्थाचे शब्द शोध. त्यापुढे अट असेल, की अमुक तारखेला मुद्दल व्याजासह परत केले तर हा पट्टा रद्द. व्याजाचा दर आणि तारीख तिथे मिळेल. तारीख बहुधा सहा महिने किंवा वर्षभराने पडते, पण ती नावापुरती. कर्ज प्रत्यक्षात वर्षानुवर्षे चालायचे, आणि एका सावकाराकडून दुसऱ्याकडे जायचे.

त्या बदल्या बऱ्याचदा मागच्या बाजूला लिहिलेल्या असतात, वेगळ्या शाईत आणि वेगळ्या हातांनी. कर्ज फिटल्याची पावतीही तिथेच असू शकते. मागचा फोटो टाक, उजेड एका बाजूने तिरपा येऊ दे म्हणजे फिकट अक्षर उठून दिसेल. मग ते घर त्यांनी सोडवले की गेले, ते बघू.